सहा ते आठ आठवडे

"पंपावर ते कार्ड घालू नकोस हं केल्सी. आत जायचं, काउंटरवर कार्ड ठेवायचं आणि सांगायचं, बाबा रे, एवढ्याचंच पेट्रोल दे." मार्लिस मावशी हे मला निदान तीनदा म्हणाली असेल. तिन्ही वेळा मी हो हो म्हटलं आणि तिन्ही वेळा माझं लक्ष दुसरीकडे होतं. थियाच्या मुठीत काय आहे, ते ती तोंडात घालणार का, आणि घातलंच तर ते केवढं आहे, याकडे. थिया चौदा महिन्यांची आहे. ती जन्मल्यापासून जगातल्या वस्तूंचे माझ्यासाठी दोनच प्रकार उरले आहेत, घशात अडकणाऱ्या आणि न अडकणाऱ्या. त्या मंगळवारी सकाळी ती गाडीत मागच्या सीटवर झोपली होती. बाहेर नाकातला श्वास गोठेल अशी थंडी, आणि पंपापासून दुकानाचं दार चाळीस पावलांवर. चाळीस पावलं जायची, हरणांच्या शिकारीसाठी नारिंगी जाकिटं घालून कॉफी घ्यायला आलेल्या बाप्यांच्या रांगेत उभं राहायचं, चाळीस पावलं परत यायची. तेवढा वेळ मूल कुलूपबंद गाडीत एकटं. नाहीतर तिला पट्ट्यांतून सोडवायचं, उठवायचं, रडवायचं. मावशीला मूल नाही. तिच्या सगळ्या सूचनांमध्ये बाईचे हात मोकळे असतात. असं मी मनात म्हटलंसुद्धा, जरा खवचटपणेच, आणि कार्ड पंपात घातलं. बारा डॉलरचं पेट्रोल भरलं. काही झालं नाही. म्हणजे मला तरी काही झालेलं दिसलं नाही.

ही कार्डं बँकेची नसतात. टायर घ्या, रंगाचे डबे घ्या, बॅटरी घ्या, दुकान आधी पूर्ण किंमत वाजवून घेतं आणि हातात कंपनीकडे सूट मागायचा एक फॉर्म देतं. तो भरायचा, खोक्यावरच्या काळ्या रेघांचा चौकोन कात्रीनं कापायचा, पावतीला जोडून पोस्टात टाकायचा आणि विसरून जायचं. लोक विसरतात त्यावरच तर कंपन्यांचं पोट चालतं, असं मावशी म्हणते. ती विसरत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी एक पांढरं पाकीट येतं, जाहिरातीच्या रद्दीसारखंच दिसणारं, आणि आत त्या सुटीचे पैसे भरलेलं कार्ड, कागदाला डिंकाच्या मऊ लोळीनं चिकटवलेलं. ती लोळी ओढली की लांब होते आणि सुटते, शेंबडासारखी. ती मी लगेच कचऱ्यात टाकते, कारण ती पहिल्या प्रकारातली आहे. राइस लेक गावाच्या पुढे एका फाट्यावर मावशीचं घर आहे, आमच्या ओ क्लेअर शहरापासून गाडीनं तासाभरावर. चाळीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. प्रत्येक फॉर्मवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, एका पत्त्यावर एकच. म्हणून मावशी दुसरा फॉर्म माझ्या नावानं आणि माझ्या पत्त्यानं भरते. पहिल्यांदा माझ्या नावाचं कार्ड आलं तेव्हा मी तिला फोन करून म्हटलं, "मावशी, हे तुझे पैसे आहेत." ती म्हणाली, "माझे कुठले? कंपनीचे आहेत. तुला नको असतील तर कंपनीला परत पाठव, बघ घेते का." माझी आई असती तर तिनं खरंच परत पाठवले असते. माझ्या लग्नात मावशीनं दिलेला चेक आईनं पाकीट न फोडता परत केला होता, आणि दोघी बहिणी वर्षभर चर्चमध्ये एकाच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसत होत्या. आमच्याकडे कुणी कुणाला पैसे देत नाही. शेतातली मक्याची कणसं देतात, बर्फ ढकलून देतात, वर म्हणतात, ट्रॅक्टर नाहीतरी बाहेर काढलाच होता. आई गेल्यावर मावशीला ही वाट सापडली असावी. कागदपत्रांमधून, कंपनीच्या आडून. मी ती कार्डं वापरत होते आणि दोघी मिळून आम्ही असं दाखवत होतो की कुणी कुणाला काही दिलेलंच नाही.

गुरुवारी किराण्याच्या दुकानात काउंटरवरच्या बाईनं कार्ड परत माझ्या हातात दिलं. "नाही घेत गं." मी म्हटलं, "यात सत्तर डॉलर आहेत. मी फक्त बारा वापरलेत." माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण थियानं ट्रॉलीतल्या सीटवरून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मागे एक नारिंगी जाकीट, त्याच्या ट्रॉलीत बिअरचे खोके आणि पाव; त्याच्या मागे आणखी दोघं. त्या बाईच्या छातीवरच्या पट्टीवर डार्ला असं नाव होतं. तिनं चष्म्यावरून पाहत विचारलं, "पंपावर घातलं होतंस का?" मी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "घातलंस. अगं, तू बारा डॉलरचं भर नाहीतर एक डॉलरचं, पंपाला काय माहीत तू किती भरणार? तो आधी कार्डातले सगळेच्या सगळे पैसे अडवून ठेवतो. पाच-सहा दिवसांनी सोडतो. आठवड्याला दोघी-तिघी येतात माझ्याकडे अशा." नारिंगी जाकीट म्हणालं, "माझीसुद्धा बायको, मॅडम. मग आठवडाभर माझंच डोकं खाते, जसा काय पंप मी बसवलाय." सगळे हसले, मीही हसले, आणि हसताना माझे कान तापले. घरी फ्रिजवरच्या यादीत ट्रेव्हरनं लिहिलेलं होतं, शुक्रवारपर्यंत सांभाळून. ट्रेव्हर माझा नवरा, खिडक्यांच्या कारखान्यात आहे, आणि शुक्रवारी त्याचा पगार होतो. मी माझ्या बँकेच्या कार्डावर डायपर आणि दूध घेतलं. अंडी, चीज, कोंबडी, सफरचंदं डार्लानं एका बाजूला सरकवली. "राहू दे, मी लावते जागेवर," ती म्हणाली, आणि ते इतक्या मऊपणे म्हणाली की मला ते नको वाटलं. कुणीतरी मला आधी सांगितलं होतं, ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोचत होती. न सांगितल्यानं होणाऱ्या चुकीत माणूस निदान एकटं तरी असतं.

गाडीत बसल्यावर थियाच्या हातात बिस्किट दिलं (दुसऱ्या प्रकारातलं, तोंडात विरघळणारं) आणि कार्डामागच्या नंबरावर फोन लावला. यंत्रातली बाई म्हणाली, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग बासरीसारखं काहीतरी वाजत राहिलं. कार्डाबरोबर आलेला कागद पर्समध्ये होता, कारण मी कागद टाकत नाही. तो उघडून मांडीवर ठेवला, नंबर विचारतील म्हणून. कंपनीचं अभिनंदन. मग बारीक अक्षरांत, वस्तू: मोटारीचे हिवाळी टायर, चार. खरेदीची तारीख: १४ सप्टेंबर. मी ते वाचलं आणि पुढे गेले, आणि मग परत मागे आले. बासरी वाजत होती. समोर एक माणूस रिकाम्या ट्रॉल्यांची लांब रांग ढकलत नेत होता आणि तिचं पुढचं टोक त्याला दिसत नव्हतं. नोव्हेंबरची तेरा तारीख होती. मी बोटांवर आठवडे मोजले. साडेआठ, म्हणजे मावशीनं हा फॉर्म पोस्टात टाकला त्याला दोन महिने होत आले होते. मला ते आधीपासून माहीत होतं, सहा ते आठ आठवडे, ते प्रत्येक फॉर्मवर छापलेलं असतं, मावशी ते प्रार्थनेसारखं म्हणते. आणि तरीही सोमवारी ते पाकीट आलं तेव्हा मी काय केलं होतं? स्वयंपाकघरात उभी राहून म्हटलं होतं, चला, मावशी बरी आहे. मोठ्यानं म्हटलं होतं, थियाकडे बघून. मग फ्रिजवरच्या यादीत 'मावशीला फोन' असं होतं त्यावर पेन्सिलीनं रेघ मारली होती.

आणि ती पहिली रेघ नव्हती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वीस डॉलरचं कार्ड आलं होतं, रंगाच्या डब्यांचं. तेव्हाही मी रेघ मारली होती. त्यानंतर एका दुपारी, मला नीट आठवतंय, खरंच फोन लावला होता. मावशीचा फोन स्वयंपाकघरात भिंतीवर आहे, तिचे गुडघे गेलेत, आणि ती नेहमी सांगते, "नऊ-दहा वेळा तरी वाजू दे गं, मी काय कागदाची आहे का, उडत यायला?" पाच वेळा वाजला. मग थिया रडायला लागली आणि मी ठेवून दिला. ठेवताना सुटल्यासारखं वाटलं होतं, हे मी ट्रेव्हरला सांगितलेलं नाही. मावशीशी बोलणं म्हणजे निदान अर्धा तास. कुणाच्या गायीला काय झालं, चर्चच्या तळघरातल्या जेवणात कुणी बटाटे कच्चे ठेवले. मला त्या दुपारी अर्धा तास झोपायचं होतं. माझ्या उशाशी कॅमेऱ्याचा एक छोटा पडदा असतो, त्यात थियाचा पाळणा दिसतो, करडा, आणि तिच्या छातीचं वर-खाली होणं. ते हललं नाही असं वाटलं की मी उठून जाते आणि नाकाखाली बोट धरते. दिवसातून कितीदा. माझ्याजवळ जी काही काळजी होती ती त्या पडद्यात जात होती, तळापर्यंत, आणि उरलेल्या माणसांसाठी मी यादी केली होती.

बासरी चालू असतानाच मी तो फोन बंद केला आणि मावशीला लावला. मोजत बसले. नऊ. दहा. चौदा. वीस. मावशीकडे निरोप घेणारं यंत्र नाही. "मशीनशी काय बोलायचं," म्हणते, "मशीन काय विचारणार आहे, जेवलीस का म्हणून?" तिसाव्या घंटेला मी ठेवला. दुसऱ्या कुणाला करावा म्हणून फोनमधली नावं वर-खाली केली. थियाचे डॉक्टर, त्यांची नर्स, मुलानं विषारी काही गिळलं तर करायचा नंबर, पाळणाघर, पर्यायी पाळणाघर. मावशीच्या शेजाऱ्याचं आडनावसुद्धा मला येत नव्हतं. त्याला सगळे गॉर्डी म्हणतात, आणि तो रस्त्यावरचा बर्फ काढतो, एवढंच. मग मी गाडी सुरू केली. काट्याकडे बघितलं, टाकी अर्ध्याच्या वर होती. ते तेच बारा डॉलरचं पेट्रोल होतं. उत्तरेचा रस्ता धरल्यावर पहिला अर्धा तास मी काही वाईट विचार केला नाही. मी हिशेबासारखे विचार करत होते. ती बाथरूममध्ये असेल. ती चर्चमध्ये असेल, गुरुवारी तिथे बायका रजया शिवतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली खुंटं होती, त्यांच्यात बर्फाची भुकटी अडकलेली, आणि मागून थिया बिस्किटाच्या तोंडानं एकच अक्षर म्हणत होती, मा, मा, मा. ते मला हाक असतं असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे ती ते दिव्यालाही म्हणते.

मावशीची गाडी दारातच होती. ती बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय तोवर दिसलं की काचेवरचा पाला भिजून, वाळून, पुन्हा भिजून चिकटलेला आहे. मी थियाला कडेवर घेऊन गाडीजवळ गेले. नवे टायर. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. ते कडेनं सगळे शाबूत होते आणि मधलेसुद्धा पुरते झिजले नव्हते. दुकानापासून घरापर्यंत सहा मैल, बस्स, त्यापुढे ती गाडी कुठेही गेलेली नव्हती. थियानं हात लांब करून एक केस धरला आणि ओढला, आणि मी तो तिच्या बोटांतून काढून घ्यायला विसरले. दार बंद होतं. मी खिडकीला कपाळ लावून आत पाहिलं. भिंतीवरचा फोन दिसत होता, टेबलावर कात्री, आणि कडेनं चौकोन कापलेलं एक रिकामं खोकं.

"ती नाही तिथे." शेजारच्या आवारातून एक उंच म्हातारा येत होता, पायात रबरी बूट, हातात आमचीच, म्हणजे मावशीची, पत्रं. "तू केल्सी ना? फ्रिजवरच्या फोटोतली. हे पिल्लू फोटोत टकलं होतं."

"मावशी कुठाय?"

"आहे, आहे. तसं तोंड करू नकोस. पडली. तळघराच्या पायऱ्यांवर. सप्टेंबरात, सोळा-सतराला. खुब्याचं हाड. आता गावातच आहे, त्या व्यायाम करून घेतात त्या केंद्रात. नर्सांना स्वयंपाक शिकवतेय."

"मला कुणी कळवलं नाही."

"मी म्हटलं तिला कळवतो. म्हणाली, खबरदार गॉर्डी. तिला लहान मूल आहे, ती घाबरून गाडी हाणत येईल." त्यानं माझ्या गाडीकडे पाहिलं, वेडीवाकडी लावलेली, दार उघडंच. "तर तू आलीस."

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं ती पडल्याचं. त्यानं खांदे उडवले, जसं काही मी विचारावं असं त्यात काही नव्हतं. "मंगळवारी सकाळी कचऱ्याचे डबे रस्त्याला लावतात ना. मार्लिस दुपारी बाराच्या आत डबा आत घेते. चाळीस वर्षं. बुधवारी सकाळी बघतो तर डबा रस्त्यालाच. म्हटलं, हे काही खरं नाही." त्यानं हातातली पत्रं नीट लावली. "मंगळवार सकाळपासून पडून होती पायरीशी. मी मंगळवारी संध्याकाळी जायला हवं होतं. डबा दिसला होता मला. पण म्हटलं, असू दे, असेल दमली." तो थियाकडे बघून म्हणाला, "काय गं टकले, आता केस आलेत की." आणि नाक पुसलं. त्यानंही ती संध्याकाळ कुठेतरी ठेवलेली होती, रोज काढून बघायला, हे मला दिसलं, आणि मी त्याबद्दल काही बोलले नाही. आमच्याकडे बोलत नाहीत.

केंद्रातल्या खिडकीजवळ मावशी खुर्चीत बसली होती. ती लहान झाली होती. समोर चालायची चौकट, तिच्या पायांना टेनिसचे चेंडू लावलेले, फरशीवर घासू नये म्हणून. मी दारातून दिसल्यावर ती आधी थियाला बघून हसली आणि मग मला म्हणाली, "गॉर्डीनं तोंड उघडलं वाटतं. पुरुषांच्या पोटात काही राहील तर शपथ." मी तिचा हात धरला, हातावरची कातडी कागदासारखी सरकत होती. मी म्हटलं, "तू मला कळवायला हवं होतंस." ती म्हणाली, "कशाला? तू काय हाड जोडणार होतीस?" मग चौकट जवळ ओढत, "कार्ड आलं का गं? टायरचं? सत्तरचं असेल."

"आलं."

"पंपावर नाही ना घातलंस?"

"नाही," मी म्हटलं.

"मग ठीक." ती मागे टेकली, एक काम उरकल्यासारखी. थिया चौकटीच्या चेंडूला चावत होती आणि मी तिला चावू दिलं. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मावशी तो ऐकत होती की काय कोण जाणे. ती म्हणाली, "इथे संध्याकाळी पाचला जेवण देतात. मग काही नसतं. मग मी बसून म्हणायचे, आता घरी फोन वाजत असेल. केल्सीचा. वाजतोय वाजतोय, आणि ती म्हणत असेल, गेली कुठे ही. रोज वाटायचं बघ. गंमत. म्हटलं, दहादा वाजू देईल आणि मग ठेवील बिचारी." मी हो म्हटलं. त्या दिवसातलं ते माझं दुसरं खोटं, आणि पहिल्याहून सोपं. सांगायला माझ्याकडे पाच घंटा होत्या, एका दुपारच्या, आणि पेन्सिलीच्या दोन रेघा. निघताना तिनं सांगितलं की अजून एक येईल, डिसेंबरात. गॉर्डीकडून बॅटरीची पावती मागवून तिनं फॉर्म भरलाय, नर्सकडून पोस्टात टाकलाय. "बघत राहा. रद्दीसारखं दिसतं, टाकून देशील."

परत येताना अंधार पडायच्या आत पोचावं म्हणून मी घाई केली. पेट्रोल पुरलं. ट्रेव्हरला सगळं सांगितलं, पंपाचं सोडून, मग पंपाचंही सांगितलं. तो म्हणाला, "तरी मावशीनं सांगितलं होतं तुला." मी म्हटलं, माहीत आहे. पाचव्या दिवशी कार्ड मोकळं झालं. तोवर मी ते विसरले होते. मावशीच्या खोलीतला नंबर मी थियाच्या डॉक्टरांच्या वर लिहिलाय आणि गॉर्डीचा त्याच्या खाली, आडनावासकट. रोज पाचनंतर फोन करते. तिच्या खुब्याच्या हाडाबद्दल डॉक्टर फार काही बोलत नाहीत. ती घरी जाईल असं तिला वाटतं. मला काय वाटतं ते मी अजून ठरवलेलं नाही.

काल ते पाकीट आलं. पांढरं, खिडकीवालं, माझ्या नावाचं. मी ते फोडलं नाही, टेबलावर पालथं ठेवलं आणि हात लांब करून आधी फोन घेतला. ती उचलेपर्यंत चौदा घंटा गेल्या, आणि त्या चौदा घंटांत मला त्या पाकिटावरच्या एका अक्षराचाही भरवसा नव्हता. तुमच्याकडेही कुणाचं तरी असं काही येत असेल. लोकरीचे मोजे, चीजचा डबा, फोनवर रोज सकाळी एक हसरा चेहरा, नाहीतर कंपनीच्या आडून एखादं कार्ड. ते आलं की आपण म्हणतो, चला, बरी आहे, आणि यादीवर रेघ मारतो. ते माणूस कोण हे तुम्हाला आत्ता, हे वाचताना, आठवलंच असेल. हे खाली ठेवा आणि त्यांना फोन लावा. वीस वेळा वाजू द्या, त्यांचे गुडघे दुखतात. आणि नाहीच उचलला, तर त्यांच्या शेजाऱ्याला शोधा आणि विचारा, कचऱ्याचा डबा आत घेतलाय का.